मुंबई ते टोरांटो: अंतर किती, वेळ किती?

मुंबई विमानतळापासून टोरांटोच्या पिअरसन विमानतळापर्यंतचे सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो आणि ७० अंश उत्तर अक्षांशाजवळ, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे पोहोचतो.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर हिशेब १४ तासांचा होतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे कॅनडाला जाताना ते बरेचदा अडवतात आणि परतताना साथ देतात. एखाद्या देशाचे आकाश बंद असेल तर वळसा पडतो. वाटेत विमान बदलायचे असेल तर एकूण प्रवास सहज २० तासांपुढे जातो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. टोरांटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता सुटलेले विमान १६ तासांनी उतरले, तर टोरांटोत त्याच तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांनी औषधांच्या वेळा ठरवताना घड्याळ न पाहता प्रवासाचे खरे तास मोजावेत.