टपावरचा मुक्काम

मोगल बादशहाची स्वारी मुक्कामाहून मुक्कामाला निघे, तेव्हा तिच्याबरोबर डेऱ्यांचा एकच सरंजाम नसून दोन असत. बादशहा एका तळावर निजलेला असतानाच दुसरा सरंजाम पुढच्या तळावर उभा होऊ लागे, आणि या पुढे धावणाऱ्या सरंजामाला पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मीरपर्यंत गेलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याने पेशखान्याच्या वाहतुकीस साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत असल्याची नोंद करून ठेवली आहे. हाच बादशहा आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत छावणीतून छावणीत हिंडला, आणि १७०७ साली अहमदनगरास, भिंगारजवळच्या तळावरच वारला. निवारा बरोबर घेऊन हिंडावयाचे तर त्या निवाऱ्याचे वजन कोणीतरी वाहिलेच पाहिजे, हा त्या लवाजम्याला लागू असलेला नियम आजही सुटलेला नाही. हत्ती-उंटांच्या जागी चार चाके आली, एवढेच.

या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी बोलताना लोक अद्याप नगरच म्हणतात. नगरच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीचा कणा उभा आहे. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांदण दरी, रतनवाडीचे अमृतेश्वराचे हेमाडपंती देऊळ, घाटघरचा कोकणकडा आणि प्रवरेवरील १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, ही सारी ठिकाणे एकाच दिवसाच्या टप्प्यात येतात. थार, गुरखा, जिम्नी अशा चारही चाकांना ताकद पोचविणाऱ्या गाड्या घेऊन तिकडे जाणारा तरुण वर्ग गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढला आहे, आणि त्यातील अनेकांच्या मनात एक तजवीज घोळत असते, ती अशी की गाडीच्या टपावरच, झाकण उचलताच आपोआप उभा राहणारा तंबू बसवून घ्यावा आणि चिखल, विंचू, सापकिरडू यांची चिंता न करता वर निजावे. कल्पना काही नवी नव्हे. विलायतेत फोकस्टोन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने लँडरोव्हरला बिजागरीवर उघडणारे, रंगीत पट्ट्यांच्या कापडाचे छत बसवून ‘डॉर्मोबिल’ नावाने विकले, जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनला तशीच सोय केली, आणि इटलीत १९५८ पासून ‘माज्जोलिना’ नावाची टपावरची कडक पेटी निघू लागली. नगरच्या एमआयडीसीतील एखाद्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये चौकोनी पाइप, फायबरचा पत्रा, ताडपत्री शिवणारा कारागीर आणि डिकीचे गॅस शॉकर यांतूनही असा तंबू उभा राहू शकतो. परंतु तो उभा राहणे हा प्रश्नाचा सोपा भाग होय. तो गाडीवर बसल्यानंतर गाडी उभी राहते की कलंडते, हा खरा प्रश्न आहे. आणि या विषयावरील बहुतेक उत्साही मंडळी निजण्याचा विचार आधी आणि चालविण्याचा मागाहून करतात, हीच त्यांची मूळ चूक आहे, असे माझे मत आहे.

थोडे गणित करून पाहू. एका ठरावीक गाडीचा नव्हे, तर हिशेबाला सोयीचा असा नमुना घेऊ : गाडीचे वजन १,७५० किलो, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच. अशी गाडी ताठ लाकडी ठोकळ्याप्रमाणे वागली असती, तर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर ती कलंडण्याच्या सीमेवर आली असती. आता तिच्या टपावर, जमिनीपासून १९५ सेंटिमीटर उंचीवर, ६० किलोंचा तंबू ठेवला. एकूण वजन जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढले. परंतु गुरुत्वमध्य ७५ वरून ७९ सेंटिमीटरवर चढला, आणि कलंडण्याची सीमा दीड अंशाने खाली आली. दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा हिशेब ताठ ठोकळ्याचा झाला. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, एक चाक दगडावर चढते आणि दुसरे खड्ड्यात उतरते, आणि सीमा त्या हिशेबाच्याही पुष्कळ अलीकडे येऊन ठेपते. डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन निसरड्या पाऊलवाटेने उतरणारी बाई मान ताठ ठेवून पावले आखूड टाकते, ती याच कारणाने.

याहून सूक्ष्म गोष्ट डोलण्याची. वळणावर गाडी पुढून मागे जाणाऱ्या ज्या अक्षाभोवती डुलते, तो अक्ष जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो. एखादी वस्तू त्या अक्षापासून जितकी दूर, तितक्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती डोलण्याला जडत्व देते. तेव्हा अक्षाच्या अर्धा मीटर वर, म्हणजे सीटच्या पातळीला, ठेवलेल्या ६० किलोंच्या तुलनेत दीड मीटर वर, टपावर, ठेवलेले तेच ६० किलो या बाबतीत नऊपट भारी पडतात. राजूर ओलांडून भंडारदऱ्याच्या वळणावळणांच्या रस्त्याला लागल्यावर गाडी एकदा उजवीकडे झुकली की सावरायला क्षणभर अधिक वेळ का घेते, आणि तेवढ्यात पुढचे वळण आले की चालकाच्या पोटात गोळा का येतो, याचा उलगडा या वर्गात आहे. म्हणून पाण्याचे कॅन, स्टेपनी, हत्यारांची पेटी, स्वयंपाकाचा सरंजाम यांतील एकही वस्तू टपावर जाता कामा नये. टपावर फक्त तंबू आणि अंथरूण, आणि तेही शक्य तितके हलके.

येथे एक शंका हमखास निघते. गाडीच्या पुस्तिकेत छतावर ७५ किलोंपेक्षा अधिक वजन ठेवू नये असे छापले असेल, तर ६० किलोंच्या तंबूत आणखी दोन माणसे निजणार कशी? पुस्तिकेतील आकडा चालत्या गाडीचा असतो. खड्ड्यातून चाक आपटून वर येते, तेव्हा टपावरच्या ६० किलोंचा दाब क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, वळणावर आणि ब्रेक दाबताना तोच भार आडवा ओढतो, आणि हे सारे हजारो वेळा घडून वेल्डिंग थकते. उभ्या गाडीत मात्र निजलेल्या माणसांचा भार शांत असतो, आणि छताचे खांब तो निमूटपणे सोसतात. अर्थात रात्री कूस बदलताना गाडी किंचित हलते. त्याने काही बिघडत नाही, झोपमोड तेवढी होते.

छत कापून तेथे झाकण बसविण्याचा मार्ग व्हॅनवाले पत्करतात. नव्या धाटणीच्या, एकसंध पत्र्याच्या कवचाच्या गाडीत छत हाही सांगाड्याचाच अवयव असतो. तो कापला की डबा पिळवटू लागतो, दारे नीट लागत नाहीत, काचा तडकतात, आणि मग भोवती पोलादी चौकट जोडून गमावलेला ताठपणा विकत घ्यावा लागतो. जिची बॉडी वेगळी आणि खालची लांब पोलादी चासी वेगळी, अशा जीपजातीच्या गाडीत हा धोका पुष्कळ कमी असतो. पण तिथेही छत कापण्यापेक्षा न कापता कॅरियरवर नट-बोल्टने बसणारी व सुटणारी पेटीच मी शहाणपणाची मानतो. त्याला यंत्रशास्त्राइतकेच कायद्याचेही कारण आहे, ते पुढे येईल.

झाकणाची बिजागरी कोठे ठेवावी, यावर कारागिरांत मतभेद आहेत. बिजागरी पुढच्या काठाला ठेवली, तर धावत्या गाडीचा वारा झाकणाला उचलण्याऐवजी दाबून धरतो, आणि पावसाचे पाणी पुढून आत घुसत नाही. मात्र मग उघडणारी कड मागे येते, आणि धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन धूळ तेथे ओढली जात असल्यामुळे पारनेर-श्रीगोंद्याकडच्या कच्च्या रस्त्यावर अंथरुणात मूठभर माती सापडते. यावर उपाय दुहेरी रबरी बीडिंगचा. एका ओळीच्या बीडिंगवर विसंबू नये.

आता शॉकरचा हिशेब. समजा, झाकण २.१ मीटर लांब आणि २८ किलो वजनाचे आहे. त्याचे वजन मध्यावर, बिजागरीपासून १.०५ मीटरवर, एकवटले असे धरले, तर बिजागरीभोवती २९.४ किलोग्रॅम-मीटरचे फिरते बळ होते. झाकण मिटलेले असताना शॉकर जवळजवळ आडवा निजलेला असतो, आणि त्याच्या रेषेचे बिजागरीपासूनचे लंबांतर फार तर २० सेंटिमीटर भरते. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे १४७ किलोंचे ढकल हवे, एकेका शॉकरला साधारण ७४ किलो. झाकण वर जाऊ लागले की वजनाची भुजा आखूड होते, शॉकरची लांबते, आणि जो शॉकर आरंभी जेमतेम पुरत होता तोच अखेरीस जोराने झाकण ढकलून कापड ताणून धरतो. हे ताणणे इष्टच आहे; ढिल्या कापडावर पाणी साठते. पण शॉकरमध्ये दाबलेला नायट्रोजन वायू असतो, आणि बंदिस्त वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो. नगरच्या मे महिन्यात, ४० अंश सेल्सियसला, म्हणजे ३१३ केल्विनला, बरोबर तोललेला शॉकर जानेवारीच्या पहाटे घाटघरला ८ अंशांत, २८१ केल्विनला, सुमारे दहा टक्के ताकद हरवून बसतो. झाकणाच्या टोकाला हा फरक दीड किलोच्या आसपासच जाणवतो. तेवढ्याने कोणाचे डोके फुटत नाही. परंतु कापड दवाने भिजून दोन-तीन किलोंनी जड झालेले असले आणि जुन्या शॉकरचा वायूही थोडा गळालेला असला, तर ही सारी तूट एकत्र येते आणि अर्धवट उघडलेले झाकण हळूच खाली येऊ लागते. म्हणून शॉकर कितीही उत्तम असला, तरी लोखंडी टेकू असलाच पाहिजे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. उभ्या तंबूची दोन चौरस मीटरची बाजू ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे साडेआठ किलोंचा रेटा खाते, आणि ६० किलोमीटरच्या वाऱ्यात चौतीस किलोंचा. सुप्याजवळच्या कावड्या डोंगरावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या उगाच नव्हेत. अशा पठारावर मुक्काम करावयाचा, तर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, म्हणजे पुढच्या बिजागरीचे उतरते झाकण वारा डोक्यावरून काढून देते.

पावसापेक्षा त्रासदायक पाणी मात्र आतूनच येते. निजलेला मनुष्य श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला तीस-पस्तीस ग्रॅम बाष्प सोडतो. दोघांचे एका रात्रीचे अर्धा लिटर पाणी झाले. दहा अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत साडेनऊ ग्रॅमपेक्षा अधिक बाष्प मावत नाही, आणि तंबूत हवा असते जेमतेम दोन घनमीटर. म्हणजे खिडक्या बंद करून निजले, तर वीस मिनिटांच्या आत हवा तुडुंब भरते आणि उरलेल्या रात्रीचे पाणी थंड फायबरवर व गादीच्या पाठीवर उतरते. गादी सकाळी खालून ओली लागली की लोक छताला गळती शोधत बसतात, गळती नसतेच. खाली एक आणि वर एक अशा दोन झडपा कडाक्याच्या थंडीतही उघड्या ठेवणे, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घालणे, आणि प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाऐवजी सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास वापरणे, हे त्यावरचे उपाय. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे आपणच मिटवतो. कोरडा असला की बाष्प बाहेर जाऊ देतो. ऊब हवी म्हणून आत शेगडी किंवा गॅस मात्र कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिला सरकारी अंमल. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आहे. छत कापणे, आसने काढून कायमचा पलंग ठोकणे, हे त्या कक्षेत येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण त्याने खासगी गाडीच्या छताला करवत लावण्याची मुभा दिलेली नाही. योगायोग असा की, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये वाहनांची तपासणी करणाऱ्या ज्या मोजक्या संस्थांची नावे आहेत, त्यांत संरक्षण खात्याची नगरमधील वाहन संशोधन व विकास संस्था, लोकांच्या तोंडची व्हीआरडीई, हीही आहे. गाडी चढ-उतारांवर, पाण्यातून आणि खडबडीत मार्गांवर दामटून मगच तिच्याविषयी मत देण्याची जी शिस्त वाहननगरच्या त्या आवारात पाळली जाते, ती घरगुती कारागिराला संपूर्ण पाळता येणार नाही हे खरे. परंतु तिचा एक अंश त्याच्याही आवाक्यातला आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करावयाचा, तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, हेही येथेच सांगून टाकतो.

आवाक्यातला तो अंश म्हणजे वजनकाटा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्याची वाण नाही. तंबू, भरलेली टाकी, पाणी, सामान आणि प्रवासी यांसह गाडी तेथे न्यावी. आधी केवळ पुढची चाके काट्यावर चढवून वजन घ्यावे, मग संपूर्ण गाडीचे. दोहोंची वजाबाकी म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचा भार. हे आकडे उत्पादकाने ठरविलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावेत, आणि ते त्याहून जास्त भरले, तर गाडीची स्प्रिंग जाड करण्याच्या फंदात न पडता तंबू हलका करावा.