टॉमकॅटचे नवे बिऱ्हाड

आपण घरबसल्या एखाद्या संकेतस्थळावर अर्ज भरतो, क्षणार्धात त्याची पोचपावती पडद्यावर उमटते आणि आपण दुसऱ्या कामाला लागतो. परंतु तेवढ्या अवधीत दूर कोठेतरी एका प्रोग्रामने तो अर्ज स्वीकारलेला असतो, त्यातील तपशील पारखून डेटाबेसच्या स्वाधीन केलेला असतो आणि केवळ आपल्यासाठी म्हणून ते पावतीचे पान रचून धाडलेले असते. हा सारा कारभार ज्याच्या आश्रयाने चालतो तो ॲप्लिकेशन सर्व्हर. जावा भाषेत लिहिलेल्या ॲप्लिकेशनांच्या जगात टॉमकॅट हा अशा सर्व्हरांपैकी सर्वांत परिचित होय. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांच्या हातून तो आकारास आला, 1999 साली अपाचे फाउंडेशनकडे सुपूर्द झाला आणि तेव्हापासून त्याचा अंमल अव्याहत चालू आहे. मात्र त्याचे राहण्याचे ठिकाण आता बदलले आहे. पूर्वी ज्याला अख्खा संगणक आंदण मिळत असे, त्याला हल्ली पुष्कळदा कंटेनरमध्ये राहावे लागते. आणि तेथे नांदायचे तर आपली हद्द ओळखणे व हुकूम येताच नीटपणे निघून जाणे या दोन गोष्टी त्याला शिकवाव्याच लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातील दुसरा छोटा संगणक, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. तसा संगणक निर्माण करणारे व्हर्च्युअल मशीन निराळे, आणि त्याला स्वतःचा स्वतंत्र कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. कंटेनर हा जुन्या वाड्यातील बिऱ्हाडासारखा आहे: दार वेगळे, चूल वेगळी, शेजारच्या खोलीत कोण राहते याचा पत्ता नाही, पण विहीर मात्र सर्वांची एकच. ती विहीर म्हणजे लिनक्सचा कर्नेल. आतील प्रोग्रामला स्वतःच्याच फाइली, स्वतःच्याच प्रोसेस आणि स्वतःचेच नेटवर्क दिसावे, एवढा बंदोबस्त नेमस्पेस नावाची सोय करते. आणि त्याने किती मेमरी व किती प्रोसेसर वापरावा याचा शिधा सीग्रुप ठरवून देते. प्रोग्रामला फाइलींच्या एका कोपऱ्यात कोंडण्याची युक्ती युनिक्समध्ये 1979 पासून होती, आणि फ्रीबीएसडीने 2000 साली तिला तुरुंगाचेच नाव दिले होते; परंतु सीग्रुपचे काम 2006 साली गुगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी आरंभले आणि 2008 च्या जानेवारीत ते लिनक्सच्या कर्नेलमध्ये दाखल झाले, तेव्हा कुठे आजच्या कंटेनरची सामग्री पुरी होत आली. ही विखुरलेली सामग्री सामान्य प्रोग्रामरच्या आटोक्यात आणण्याचे श्रेय डॉकर या साधनाचे. सॉलोमन हाइक्स यांनी 2013 च्या मार्चमध्ये सँटा क्लारा येथील पायथॉनच्या परिषदेत अवघ्या पाच मिनिटांच्या भाषणात ते लोकांसमोर ठेवले.

डॉकरने जो खरा फरक केला तो इमेजच्या द्वारे. टॉमकॅट, त्याला लागणारी नेमकी जावा, तिला लागणाऱ्या लायब्ररी आणि आपले ॲप्लिकेशन हे सर्व थरावर थर रचून एकदा बांधून ठेवले, की तीच इमेज प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या यंत्रावर आणि प्रत्यक्ष सेवेत जशीच्या तशी चालते. हे थर कायमचे मोहोरबंद असतात. चालू कंटेनरला त्यांच्यावर एकच पातळ, लिहिण्याजोगा थर मिळतो, आणि कंटेनर काढून टाकला की तोही नाहीसा होतो.

आता मेमरीचा प्रश्न पाहू, कारण अनुभवी माणसेही येथेच ठेचाळलेली आहेत. जावाला वेगळे काही सांगितले नाही, तर ती यंत्राच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंत आपला हीप, म्हणजे ॲप्लिकेशनचा डेटा ठेवण्याची जागा, वाढवण्याची मुभा घेते. समजा, यंत्राची मेमरी 32 जीबी आहे आणि कंटेनरला मर्यादा घातली आहे 1 जीबीची. जुन्या जावाला ही मर्यादा दिसतच नसे; ती थेट यंत्राकडे पाही, 8 जीबीपर्यंत वाढण्याचा आपला हक्क गृहीत धरी आणि निर्धास्तपणे वाढत जाई. मर्यादा ओलांडताच कर्नेल त्या प्रोसेसला तत्क्षणी ठार करी. लॉगमध्ये कोणत्याही त्रुटीचा उल्लेख नाही, शेवटची ओळ अर्धवट, आणि मागे उरे तो केवळ 137 हा प्रोसेस संपतानाचा संकेतांक. कंटेनरची मर्यादा पाहण्याची दृष्टी जावाला 2018 च्या मार्चमध्ये दहाव्या आवृत्तीत लाभली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या आवृत्तीच्या 191 व्या सुधारणेतही आली. तरी संकट पूर्णपणे टळले असे नाही. आता जावा 1 जीबीचा चतुर्थांश म्हणजे 256 एमबीच हीपला देते, आणि एखाद्या मोठ्या ॲप्लिकेशनला ते अपुरे पडतात. म्हणून हे प्रमाण टक्क्यांत वाढवून सांगावे लागते. पण ते शंभर टक्क्यांजवळ नेणे हा अविचार होय, कारण हीपच्या बाहेरही जावाचा संसार आहे: टॉमकॅट मूळ व्यवस्थेत एका वेळी 200 पर्यंत थ्रेड कामाला लावतो, आणि त्या प्रत्येकासाठी साधारण 1 एमबीपर्यंत जागा राखलेली असते.

मेमरीइतकाच अंताचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कंटेनरमध्ये पहिल्या क्रमांकाची जी प्रोसेस असते तिच्या आयुष्याएवढेच कंटेनरचे आयुष्य. म्हणूनच टॉमकॅट पार्श्वभूमीत सुरू करण्याची जुनी वहिवाट येथे चालत नाही, कारण सुरू करून देणारी स्क्रिप्ट संपली की कंटेनरही तत्काळ बंद पडतो. अधिकृत इमेजमध्ये त्यासाठीच कॅटॅलिना ही स्क्रिप्ट 'रन' या शब्दासह चालवलेली असते आणि टॉमकॅट अग्रभागी राहतो. पुढे नवी आवृत्ती चढवायची म्हणून डॉकरला कंटेनर थांबवण्याचा हुकूम दिला, की तो प्रथम पहिल्या प्रोसेसला सिगटर्म नावाचा निरोप धाडतो, वेगळे काही ठरवून दिलेले नसेल तर दहा सेकंद वाट पाहतो, आणि मग मात्र जबरदस्तीने तिचा शेवट करतो. टॉमकॅटला निरोप पोचला तर तो डेटाबेसशी असलेले संबंध रीतसर मिटवून निघून जातो. परंतु पुष्कळ ठिकाणी कोणीतरी स्वतःची छोटीशी शेल स्क्रिप्ट आधी लावलेली असते आणि तिच्यात 'एक्झेक' हा एक शब्द घालावयाचा राहून जातो. मग पहिल्या क्रमांकावर शेलच बसून राहते, ती निरोप स्वतः मानीत नाही आणि पुढेही पोचवीत नाही, दहा सेकंद व्यर्थ जातात, आणि अर्ज भरत असलेल्या माणसाचे काम अर्ध्यावर तुटते. येथेही शेवटी तोच 137 उमटतो, नीट निघून गेलेल्या जावाने मात्र 143 लिहिलेला असतो. 128 मध्ये निरोपाचा क्रमांक, एकदा 9 आणि एकदा 15, मिळवून हे आकडे होतात. म्हणून 137 दिसल्याबरोबर मेमरी वाढवण्याची घाई करू नये. मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे प्रोसेस मारली गेली का, याची नोंद डॉकर वेगळी ठेवतो, ती आधी पाहावी.

कंटेनरबरोबर त्याचा लिहिण्याजोगा पातळ थरही नाहीसा होणार हे ठाऊक असल्यामुळे मोलाचे काहीही त्यात ठेवू नये. लोकांनी पाठवलेल्या फाइली कंटेनरपासून वेगळ्या राहणाऱ्या व्हॉल्यूममध्ये किंवा बाहेरच्या साठ्यात जाव्यात, लॉग कंटेनरबाहेर वाहून न्यावेत. लॉगिन केलेल्यांचे सेशन टॉमकॅट आपल्या मेमरीत बाळगतो, तेही डेटाबेसकडे किंवा रेडिससारख्या साठ्याकडे सोपवलेले बरे. नाही तर दर नव्या आवृत्तीसरशी सगळे वापरकर्ते बाहेर फेकले जातात.

राहिला प्रश्न सुरक्षिततेचा, आणि त्याची उपेक्षा पाहून मला खेद होतो. वेगळे सांगितले नाही तर डॉकरमध्ये आतील प्रोग्राम रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी होऊन चालतो. कर्नेल सामाईक असल्यामुळे या अधिकाराची झळ कोठवर पोचू शकते ते 2019 च्या फेब्रुवारीत दिसून आले: कंटेनर सुरू करणाऱ्या रनसी या प्रोग्राममध्ये असा दोष उघडकीस आला, की आत रूट असलेल्या दुष्ट प्रोग्रामला बाहेरच्या यंत्रावरील रनसीच पालटून टाकता येत असे. टॉमकॅटला तर या सर्वाधिकाराची गरजच नाही. 1024 च्या खालच्या पोर्टसाठी पूर्वापार विशेष अधिकार लागत आला, पण टॉमकॅट ऐकतो तो 8080 वर. इमेज बांधण्याच्या सूचना ज्यात असतात त्या डॉकरफाइलमध्ये एक साधा वापरकर्ता निर्माण करावा, ज्या मोजक्या फोल्डरांत टॉमकॅटला लिहावे लागते त्यांची मालकी त्याला द्यावी, आणि त्याच्या नावाची 'यूझर' ही एक ओळ शेवटच्या हुकमाच्या आधी लिहावी.