हनुवटीवरचा घाव, कानापुढचा भंग

पावसाळ्याच्या दिवसांत कल्याण-शीळ मार्गावरून किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचें चाक पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत अडकतें. हात टेकण्यापूर्वींच तो पुढें फेंकला जातो आणि हनुवटीवर आपटतो. जवळच्या दवाखान्यांत जखम धुतली जाते, चार टांके पडतात आणि तो घरीं जातो. दुसऱ्या दिवशीं जेवावयास बसतो तों दांतांवर दांत बसत नाहींत. दुखतें तेंही हनुवटींत नव्हे, तर कानाच्या पुढें. घाव एका ठिकाणीं आणि हाड मोडलें दुसऱ्याच ठिकाणीं! हा प्रकार चमत्कारिक वाटला, तरी त्याचें कारण जबड्याच्या रचनेंतच आहे.

आरशापुढें उभें राहून दोन्ही कानांच्या पुढें एकेक बोट ठेवावें आणि तोंड हळूहळू उघडावें. बोटाखालीं कांहींतरी गोल सरकल्यासारखें वाटतें. तेंच खालच्या जबड्याचें डोकें. हा जबडा म्हणजे घोड्याच्या नालाप्रमाणें वांकलेलें एकच हाड. त्याचीं दोन्ही टोकें वर चढून कवटीच्या खळग्यांत बसलेलीं असतात व मध्यें कूर्चेची चकती असते. या सांध्यास हनुसंधि म्हणतात. हनुवटीकडचें हाड जाड व भक्कम. डोक्याखालची मान मात्र बारीक. दोन्ही टोकें भिंतीला टेंकविलेल्या कमानीवर मधोमध ठोसा बसला, तर ती जेथें बारीक असेल तेथें मोडते. हनुवटीवरचा आघातही तसाच हाडांतून मागें धांवतो आणि मान मोडतो. यांत निसर्गाचा एक उपकारही आहे. आघाताचा जोर मानेंतच खर्ची पडला नाहीं, तर जबड्याचें डोकें कवटीचा पातळ तळ फोडून मेंदूकडे घुसण्याचें भय असतें.

खालच्या जबड्याच्या एकंदर अस्थिभंगांपैकीं सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा या सांध्याजवळचे असतात. त्यांचा नमुना आघाताच्या दिशेवरून ठरतो. हनुवटीच्या मधोमध मार बसल्यास दोन्ही बाजूंच्या माना मोडण्याचा संभव असतो. संचलनांत ताटकळत उभे असलेले शिपाई मूर्च्छा येऊन हनुवटीवर पडत व त्यांना हीच इजा होई. म्हणून पाश्चात्य वैद्यकांत तिला पहारेकऱ्याचा अस्थिभंग असें नांव पडलें. मार डावीकडून बसला, तर हनुवटी डाव्या बाजूस तडकते आणि मान बहुधा उजवीकडची मोडते. यासाठींच एक भंग सांपडला, कीं अनुभवी शल्यवैद्य दुसरा शोधतो.

कारणांत आपल्या देशांत रस्त्यावरचे अपघात अग्रभागीं आहेत. त्यामागून उंचावरून पडणें आणि मारामारी. ठाणें-कल्याण पट्ट्यांत रेल्वेचाही विचार करावा लागतो. 16 एप्रिल 1853 रोजीं पहिली आगगाडी ठाण्यास आली, 1854 सालीं ती कल्याणास पोंचली, आणि या गांवांचें जीवन तिच्याशीं बांधलें गेलें. आज दारांत लोंबकळत जाणें येथें नित्याचें आहे. 9 जून 2025 रोजीं मुंब्र्याजवळ भरल्या गाड्यांतून प्रवासी खालीं पडले व त्यांतील कांहींनीं प्राण गमावले. रस्त्यांचेंही तसेंच, 2018 च्या पावसाळ्यांत कल्याणांत खड्ड्यांपायीं माणसें दगावलीं. अशा मोठ्या अपघातांत डोकें आणि छाती यांकडे प्रथम लक्ष दिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु धोका टळल्यावर जबडा पाहावयाचा राहून जातो. अर्धें हेल्मेट डोकें राखतें, हनुवटी मात्र उघडीच टाकतें.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. एका बाजूची मान मोडली असल्यास तोंड उघडतांना हनुवटी त्याच बाजूस वळते. दोन्ही मोडल्या असल्यास मागच्या दाढा आधीं टेकतात आणि पुढचे दांत उघडे राहतात. कानांतून रक्त येणें ही तर गंभीर खूण. तें कवटी फुटल्यामुळेंही येऊं शकतें. संशय येतांच क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करून घ्यावा.

सर्वांत जपावयाचें तें मुलांना. जिन्यावरून किंवा झोपाळ्यावरून पडलेल्या मुलाची हनुवटी फुटते; टांका पडतो, रडें थांबतें आणि गोष्ट विसरली जाते. आंतल्या आंत सांध्यांत रक्त सांखळून हाडाला हाड जुळूं लागलें, तर पुढें महिन्यांनीं वा वर्षांनीं तोंडांत चमचाही शिरेनासा होतो. जबड्याच्या वाढीस डोक्याकडच्या भागाचा हातभार असतो. म्हणून चेहरा एका बाजूस खुरटतो, किंवा हनुवटी मागें राहते. मग मोठ्या शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें.

वेळीं ओळखल्यास उपाय पुष्कळदां साधा असतो. हनुसंधि निखळल्यास शेक देऊन, हाडें जागीं आणून ‘पंचांगी’ बंध बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आज जरूर तेव्हां दांत तारेनें थोडे दिवस बांधतात, व नंतर तोंड उघडण्याचा व्यायाम देतात. हाड फारच सरकलें असल्यास शस्त्रक्रियेनें धातूची पट्टी बसवितात; पण चेहऱ्याची नस तेथूनच जात असल्यानें हें काम तज्ज्ञाचेंच. मुलांत बहुधा शस्त्रक्रिया टाळून लवकर हालचाल सुरू करतात.

कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचें रुक्मिणीबाई असो, वा गल्लींतला लहानसा दवाखाना असो, हनुवटीवर टांका घालण्यापूर्वीं दोन बोटें कानांपुढें ठेवण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं. आईबापांनींही मुलास तोंड उघडावयास सांगून एकवार पाहावें. जखम हनुवटीवर दिसते. तपासावयाचा तो कानापुढचा सांधा.