एका रुपयाचा पराक्रम

मुलांचे खेळ बदलले म्हणून मोठ्यांनी हळहळावे, ही रीत जुनीच आहे. विटीदांडू मागे पडला म्हणून आमचे आजोबा हळहळत. मी ज्या खेळासाठी हळहळतो त्याला वीज लागे, एवढाच काय तो फरक!

व्हिडिओ गेम पार्लर आमच्या डोळ्यांदेखत आले आणि डोळ्यांदेखत गेले. त्याचा जन्म मात्र इकडचा नव्हे. जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. पुढे अमेरिकेतल्या मॉलमध्ये अशा यंत्रांच्या रांगा लागल्या. आईबाप खरेदीत गुंतले की मुले तिकडे पाव डॉलरची नाणी संपवीत. मुंबईत हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल उघडला तो १९९९ साली. पण त्याच्या कितीतरी आधी हे खेळ आमच्या गावी एस. टी. स्टँडमागच्या गाळ्यात येऊन पोचले होते.

दाराला मळका पडदा, आत चार-पाच लाकडी पेट्या. पेटीच्या पोटात एक पिक्चर ट्यूब आणि एक सर्किट बोर्ड. बोर्ड बदलला की त्याच पेटीत नवा खेळ! आमचा लाडका खेळ ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यात नायक चार, पण आमच्या लेखी एकच, पिवळ्या टोपीचा मुस्तफा. गावोगावच्या मुलांनी खेळालाच त्याचे नाव देऊन टाकले. ना जाहिरात, ना पत्रक! भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा बारशाचे कौतुक वाटल्यावाचून कसे राहील?

खेळ मुद्दामच अवघड केलेला असे. खेळणारा जितक्या लवकर मरेल, तितक्या लवकर दुसरा रुपया पेटीत पडायचा. साहजिकच एक रुपया बराच वेळ पुरवणे हाच पराक्रम ठरे, आणि तो पाहायला पाठीमागे घोळका जमे. त्या घोळक्यात वकिलांचा मुलगा असे, वाण्याचा असे आणि शेजारच्या हॉटेलातला चहा देणारा पोऱ्याही असे. सर्वांत तरबेज तो पोऱ्याच. अवघड जागा आली की वकिलांचा मुलगा दांडा त्याच्या हाती देऊन म्हणे, “एवढा बॉस मारून दे रे!” शाळेत, वाड्यात, देवळात, कुठेच त्याला कोणी असे विनवीत नसे.

मुली मात्र तिथे जवळजवळ नसतच. बायकांनाही या खेळांची गोडी लागावी, म्हणून तोरू इवातानी यांनी १९८० साली ‘पॅकमॅन’ रचला होता. त्यांचा तो हेतू आमच्या पडद्याआड काही पोचला नाही. गेलेल्या दिवसांचे गोडवे गाताना एवढे तरी सांगितलेच पाहिजे.

मग घरच्या टीव्हीला जोडायचे स्वस्त यंत्र आले, मागोमाग सायबर कॅफे आणि शेवटी मोबाइल. गाळ्यातल्या पेट्या भंगारात गेल्या. खुद्द जपानमध्ये सेगासारख्या कंपनीने २०२२ साली आपल्या गेम सेंटरच्या धंद्यातून अंग काढून घेतले. मॉलमध्ये आजही खेळांचे दालन असते. तिथे नाण्याऐवजी कार्ड चालते आणि त्यात आधी पैसे भरावे लागतात. चहा देणारा पोऱ्या तिथवर पोचत नाही.

जुना खेळ आज फोनवरही मिळतो, तेव्हा त्यासाठी रडायचे कारण नाही. गेला तो घोळका. पेटीला आपण लवकर मरायला हवे होतो. फोनला आपण उठायलाच नको असतो. पेटी निदान रुपया संपला की घरी जा म्हणे!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुले फोन घेऊन कोपऱ्यात बसली, तर रागावू नका. फोन टीव्हीला जोडून द्या, शेजारपाजारच्या मुलांना बोलवा, मुलींना पहिली पाळी द्या. आणि कामवाल्या बाईंचा मुलगा सोबत आला असेल, तर त्यालाही खेळू द्या. कोण जाणे, अवघड बॉस त्यालाच मारता येत असेल!