एका सोंगटीची वाट

निशी-कासाई, टोकियो

आष्ट्याहून फोन आला की घरचे विचारतात, रविवारी काय करता? गेले काही महिने माझं उत्तर ठरलेलं आहे: म्हाताऱ्या माणसांबरोबर माजोंग खेळतो. मग पलीकडून प्रश्न येतो, म्हणजे पत्त्यांसारखं काही? हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितो आहे, कारण या खेळातून मला जपानी माणूस जेवढा कळला तेवढा ऑफिसात कळला नाही.

मी राहतो तो एदोगावा वॉर्ड भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019 साली याच वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर वॉर्डाचं सभागृह आहे. तिथे रविवारी दुपारी चार चौकोनी टेबलं मांडतात. पैसे लावायचे नाहीत, दारू नाही, सिगारेट नाही, हे इथले तीन नियम. ‘आरोग्य माजोंग’ म्हणून हा प्रकार जपानभर म्हाताऱ्यांमध्ये रुजला आहे. चीनमधून गेल्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या या खेळाला इथेही बरीच वर्षं धुराचा आणि जुगाराचा वास होता. आपल्याकडे पारावर पत्ते कुटणाऱ्यांकडे ज्या नजरेने बघतात, तीच नजर. आता 2018पासून व्यावसायिक खेळाडूंची ‘एम-लीग’ चालते, सामने दाखवले जातात, आणि नातवंडं आजीला डाव विचारतात.

रमी येणाऱ्याला माजोंगचं निम्मं शिक्षण घरीच झालेलं असतं. रमीत तेरा पानं, इथे तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. एकूण सोंगट्या 136: चौतीस प्रकार, प्रत्येकाच्या चार. नाणी, बांबू आणि चिनी आकडे अशा तीन रंगांत एक ते नऊ, शिवाय चार दिशांचे वारे आणि तीन ड्रॅगन. चौदावी सोंगटी आली की तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी पुरी व्हायला हवी. एकच सोंगटी कमी असते त्या अवस्थेला ‘तेनपाई’ म्हणतात. आपण म्हणतो, एकच पान लागतंय.

जपानी माणूस मात्र तिथे थांबत नाही. तो विचारतो, कशी वाट बघतोयस? वाट बघण्याला त्यांचा शब्द ‘माची’. आपल्या कानाला राजगडाच्या माच्या आठवतात. या माचीचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. हातात बांबूची चौकी-पंजी असेल तर तिर्रीही चालते, छक्कीही. ही दोन बाजूंची वाट, ‘र्‍यानमेन’. तुमच्या कामाच्या आठ सोंगट्या खेळात असू शकतात. चौकी आणि छक्की असेल तर मधली पंजीच हवी, ती ‘कानचान’. आठाच्या चारच राहिल्या. एक्का-दुर्री घेऊन बसलात तर कडेला अडकलात, तिर्रीशिवाय सुटका नाही, ती ‘पेनचान’, पुन्हा चार. दोन जोड्या धरून त्यातल्या एकीची तिसरी यायची वाट बघायची, ती ‘शानपोन’. दोन आणि दोन, चारच. आणि चारही संच लागले, जोडीतली एकच सोंगटी हातात, तिचा जोडीदार हवा, ती ‘तांकी’. एक स्वतःकडे, म्हणून उरल्या तीन.

तिर्रीपासून सत्तीपर्यंत सलग पाच हातात असतील तर दुर्री, पंजी, अठ्ठी तिन्ही चालतात. चार-चारच्या बारा, त्यातली एक पंजी तुमच्याच हातात, म्हणून अकरा. असा हिशेब इथली ऐंशीची आजी बोटं न मोजता करते.

मला हे पटकन उमगलं ते उसामुळे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पोसायचा आणि शेवटी तोडीची वाट बघत बसायचं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ज्याने एकाच कारखान्याकडे नोंद केली आणि ज्याने दोघांकडे केली, दोघेही बांधावरच बसलेले असतात. पण दोघांचं बसणं एक नसतं. दुसऱ्याने आपली वाट आधीच रुंद करून ठेवलेली असते. माजोंगमध्ये सगळं कौशल्य तिथे आहे. सोंगटी कोणती येईल हे हातात नाही. किती सोंगट्या चालतील हे हातात आहे.

दुसरी गोष्ट मला चूक करून कळली. रमीत टाकलेलं पान ढिगात बुडतं. इथे प्रत्येकाने टाकलेल्या सोंगट्या त्याच्याच समोर, सहा-सहाच्या ओळीत, उघड्या मांडलेल्या राहतात. त्या ओळींना ‘कावा’ म्हणतात, म्हणजे नदी. एका रविवारी माझ्याकडे बांबूची पंजी आणि सत्ती होती, छक्की हवी होती. अठ्ठी आली. मी पंजी टाकली, आता सत्ती-अठ्ठी, म्हणजे छक्की किंवा नव्वी. वाट दुप्पट झाली. मी ‘रीची’ म्हणालो, पंजी आडवी ठेवली आणि एका लाल ठिपक्याची हजार गुणांची काडी टेबलावर मांडली. रीची म्हणजे सगळ्यांना सांगणं की माझं एकच लागतंय. त्यानंतर हातात बदल करता येत नाही. दोन फेऱ्यांत समोरच्या आजोबांनी छक्की टाकली. मी ‘रोन’ म्हणालो, म्हणजे ही माझी, डाव लागला.

उजवीकडच्या आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक बोट माझ्या नदीवर ठेवलं. पहिल्या ओळीत चौथी, मीच सुरुवातीला टाकलेली बांबूची नव्वी.

याला ‘फुरितेन’ म्हणतात. ज्या सोंगट्यांवर तुमची वाट आहे, त्यातली एकही तुम्ही पूर्वी टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर तुम्हाला डाव लावता येत नाही. नव्वी टाकली म्हणून छक्कीही गेली. स्वतः उचलून आली तरच तुमची. मी दंड भरला. पण या नियमामुळेच बाकीचे तिघे निर्धास्त खेळू शकतात: रीची म्हणणाऱ्याच्या नदीत जी सोंगटी पडली आहे, ती त्याच्यापुढे टाकली तर धोका शून्य. तुमचा भूतकाळ टेबलावर उघडा असतो आणि लोक त्याच्यावर भरवसा ठेवून वागतात. जपानी कचेरीत लोक आधीच्या बैठकीत कोण काय बोललं ते इतकं का जपून लक्षात ठेवतात, ते मला तेव्हा समजलं.

त्याच रविवारचा शेवटचा डाव. उचलायच्या सोंगट्या संपल्या, कुणाचंच लागलं नाही. अशा वेळी जे तेनपाईत असतात ते हात उघडतात आणि बाकीचे त्यांना गुण देतात, एकूण तीन हजार. वाट बघण्याची ही मजुरी. मी, आजोबा आणि चौथ्या बाईंनी हात पालथे ठेवले. आजींनी उघडला. तांकी, पूर्वेचा वारा. चारपैकी दोन पूर्व नदीत पडलेल्या, एक त्यांच्याकडे. चौथी माझ्या हातात होती. सातव्या-आठव्या फेरीपासून मी ती टाकायला धजत नव्हतो.

मी ती उलटून त्यांना दाखवली. त्यांनी माझ्याकडे बघून वाकून मान लववली, आम्हा तिघांकडून एक-एक हजाराची काडी घेतली, आणि आठही हात सोंगट्या कालवायला पुढे झाले.