जुनं ते सोनं, पण पगार किती?

ऑफिसच्या खुर्चीला टाटा करायचा आणि सेकंडहॅन्ड वस्तू ऑनलाइन विकायच्या, तेही फुल-टाइम! आयडिया झकास आहे. फक्त राजीनाम्याचा मेल 'सेंड' करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

सुरुवात बहुतेकांची सारखीच होते. एखाद्या रविवारी आईच्या तगाद्यामुळे माळा साफ करायला घेतला जातो. जुना फिल्म कॅमेरा निघतो, बाबांचं बंद पडलेलं घड्याळ निघतं, कॉलेजातली गिटार निघते. रद्दीवाल्याला देण्यापेक्षा सहज म्हणून फोटो काढून नेटवर टाकता. संध्याकाळपर्यंत सात मेसेज, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा चार हजारांना गेलेला असतो! महिनाभरात माळ्यावरच्या अडगळीचे पंधरा-वीस हजार होतात. नेमकं त्याच आठवड्यात अप्रायझलचं पत्र हातात पडतं. त्यातला वाढीचा आकडा वाचून डोक्यात एकच विचार: बॉस, हे आपण फावल्या वेळात केलं. दिवसभर केलं तर?

थांबा. ते वीस हजार म्हणजे नफा नव्हता. तो माल तुम्हाला फुकट मिळाला होता. बाबांनी त्याचे पैसे कधीतरी पंचवीस वर्षांपूर्वी भरलेले होते. माळा एकदाच रिकामा होतो. त्यानंतरची प्रत्येक वस्तू खिशातून पैसे घालून विकत आणावी लागते, आणि खरा धंदा तिथून सुरू होतो.

तसा हा धंदा आपल्याला नवा नाही. दुपारी दारात येऊन जुन्या साड्या-पँटींवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण आठवते? कपडा उजेडात धरून विरलाय का बघणार, काठ चाचपणार, 'ताई, अजून एक साडी टाका' म्हणून घासाघीस करणार. मालाची पारख, भाव पाडणं, पुढचं गिऱ्हाईक कोण हे आधीच ठाऊक असणं, या सगळ्याची एमबीए होती ती! ऑनलाइनवाले वेगळं काय करतात? दारोदार हिंडण्याऐवजी फोटो टाकतात, एवढंच.

नेटवरचं वयही आता काही कमी नाही. पिअर ओमिडयारनं अमेरिकेत १९९५ मध्ये लिलावाची साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक होता चक्क बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. आपल्याकडे बाझी डॉट कॉम होती, ती ईबेनं २००४ मध्ये विकत घेतली. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंदही झालं. ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथंच होतं, त्यांना पाल उचलून दुसरी जागा शोधावी लागली. नंतर ओएलएक्स, क्विकर, आणि लॉकडाऊनपासून इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्ट स्टोअर्स. जागा नेहमी भाड्याची, हे लक्षात असू द्या. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीत हवेतच.

कमाई विकताना नाही, घेताना

विकण्याचा भाव तुमच्या हातात फारसा नसतो. तीच वस्तू आणखी दहा जण विकत असतात, गिऱ्हाईक एका मिनिटात सगळ्यांचे भाव बघतं. तुमच्या हातात असतो तो घेण्याचा भाव. म्हणून या धंद्यातली मंडळी लॅपटॉपसमोर कमी आणि बाजारात जास्त दिसतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजाराला लागून असलेल्या मटण स्ट्रीटवर चोर बाजाराची दुकानं आहेत, आणि शुक्रवारी भल्या पहाटे तिथं रस्त्यावर वेगळाच बाजार मांडला जातो. रविवारच्या जुन्या बाजारात अख्खं पुणं असतं. बुधवारी मात्र तुम्ही हिंजवडीत स्टेटस कॉलवर असता. नोकरी सोडण्याचा पहिला खराखुरा फायदा कुठला असेल तर बुधवार मोकळा होणं!

एक वस्तू उदाहरणाला घेऊ. एचएमटीचं घड्याळ. सरकारी कंपनीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, कांचन, सोना ही नावं घराघरात पोचली. लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीला एचएमटी. मग क्वार्ट्‌झ आलं, टायटन आलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं हा घड्याळाचा धंदा बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला आणि हौशी लोक मागे लागले. रोज सकाळी चावी द्यायचं ते साधं 'जनता' आज ज्यांना हवंय त्यातले कित्येक जण ते बाजारात नवं होतं तेव्हा जन्मलेही नव्हते.

पण पारख हवी. परदेशातल्या घड्याळवेड्यांनी आपल्याकडच्या एका मालाला नाव ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. जुनी सायको किंवा एचएमटीची मशीन घ्यायची, डायल भडक निळ्या-केशरी रंगात पुन्हा रंगवायची, तीन वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, आणि 'व्हिंटेज' म्हणून विकायचं. घड्याळ चालतं, दिसतंही छान. पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत मातीमोल. भिंग लावून बघितलं की छपाईची अक्षरं जाडीभरडी दिसतात, आकड्यांच्या कडा फुटलेल्या असतात. मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे काढू नयेत. आणि असा माल चुकून आलाच, तर विकताना 'डायल पुन्हा रंगवलेली आहे' असं स्वच्छ लिहावं. चार पैसे कमी मिळतील, पण माल परत येणार नाही.

आता कागद-पेन्सिल

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा बाजारातून दहा घड्याळं घेतली, सरासरी ९०० रुपयांना. झाले ९,०००. एक उघडल्यावर कळलं की मशीन गंजलीय, ते गेलं सुट्या भागांत. उरलेल्या नवांची सर्व्हिसिंग, काच, पट्टा मिळून प्रत्येकी ४५० म्हणजे ४,०५०. आठ विकली २,२०० प्रमाणे, १७,६०० आले. एक तीन महिने पडून राहिलं, शेवटी १,२०० ला काढलं. डबा, बबल रॅप, कुरिअर नगाला १३० धरले तर १,१७०. वजाबाकी करा. हातात उरतात ४,५८०. म्हणजे विकत घेतलेल्या प्रत्येक घड्याळामागे ४५८ रुपये.

महिन्याला पन्नास हजार हवेत? मग ११० घड्याळं घ्यायला हवीत. एका घड्याळाला वेळ किती जातो? शोधणं, भाव करणं, दुरुस्तीवाल्याकडे दोन फेऱ्या, पुसणं, आठ फोटो, वर्णन, मेसेजना उत्तरं, पॅकिंग, कुरिअरवाल्याकडे रांग. अडीच तास तरी धरा. ११० गुणिले अडीच, झाले २७५ तास. आणि तुमचं ते नकोसं ऑफिस? दिवसाला नऊ तास, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे १९८. बॉसपासून सुटलात खरे, पण जास्त कडक बॉसच्या हाताखाली आलात! शिवाय ९०० रुपयांत महिन्याला ११० चांगली घड्याळं देईल असा बाजार कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून यात टिकायचं तर हा भागाकार बदलावा लागतो. काही जण महागड्या वस्तूंकडे वळतात. कॅमेऱ्याच्या एका लेन्समागे चार-पाच हजार सुटू शकतात आणि वेळ तेवढाच लागतो. पण मग लाखभर रुपये मालात अडकतात, आणि लेन्सच्या आत बुरशी निघाली तर एका फटक्यात महिन्याची कमाई साफ. काही जण एकच छोटा विषय धरतात, म्हणजे फक्त फाउंटन पेनं, फक्त जुने ऑडिओ डेक. दहा वस्तूंतली कुठली उचलायची हे त्यांना पाच सेकंदांत कळतं. माझ्या मते हा दुसरा रस्ता जास्त शहाणपणाचा. सगळं थोडं थोडं विकणारा माणूस प्रत्येक वस्तूची फी नव्यानं भरत असतो.

पुस्तकांचा मोह अनेकांना होतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही मोठीच सोय. पण पोस्टाची छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि दीडशे रुपयांच्या जाडजूड कादंबरीला पाठवणावळ परवडेनाशी झाली. दुर्मीळ असेल तरच हात घाला.

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर बाकी वस्तूंचं ऐका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र वस्तू परराज्यात विकायची तर पहिल्या वस्तूपासूनच नोंदणी लागते, आणि नेटवर गिऱ्हाईक काय, इंदूरचंही येतं आणि बेळगावचंही. जुन्या वस्तूंना एक सवलत आहे. खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल, तर कर पूर्ण किमतीवर न लावता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लावता येतो. ९०० चं घड्याळ २,२०० ला गेलं तर १,३०० वर. सीएला पहिल्याच महिन्यात भेटा, नोटीस आल्यावर नको.

जुन्या बाजारात तांब्याची नाणी, मूर्ती, पोथ्या दिसल्या की हात शिवशिवतात. आवरा! शंभर वर्षांहून जुनी वस्तू, नाणीसुद्धा, १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षंच पुरतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. सेकंडहॅन्ड मोबाइल घेत असाल तर आयएमईआय नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घ्या, आणि देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला कारण असताना माल घेतलात तर तो गुन्हा आहे.

आणखी एक ओळखीचं पात्र. 'मी आर्मीत आहे, वस्तू न बघताच घेतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील.' पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ वाचतं.

मुलगा काय करतो?

पगाराच्या स्लिपबरोबर काय काय जातं, याची यादी कुणी करत नाही. कंपनीचा मेडिक्लेम जातो, बऱ्याचदा त्यात आईवडीलही असतात. नवी पॉलिसी आजच घेतली तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. तेव्हा पॉलिसी आधी, राजीनामा नंतर. पीएफमधला कंपनीचा हिस्सा थांबतो. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झालेल्यांनी जोशात येऊन कागद फेकू नये. घर घ्यायचं डोक्यात असेल तर बँक पगाराच्या स्लिपऐवजी दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते, तेही बघा.

आणि लग्न ठरायचं असेल तर मग काय विचारता! 'मुलगा काय करतो?' 'जुनी घड्याळं विकतो.' पलीकडून फोनवर जी शांतता पसरते ती आईला ऐकवत नाही. 'ई-कॉमर्समध्ये आहे' हे उत्तर सध्या बऱ्याच घरांत चालतं म्हणे.

चेष्टा सोडा, पण एकटेपणा खरा आहे. दुपारी चारला चहाला चल म्हणणारं कुणी नसतं. दिवसभराचा संवाद म्हणजे फोनवरचे मेसेज, आणि त्यातले निम्मे 'लास्ट प्राइस?' एवढेच. तरीही लोक यात रमतात, त्याला कारण आहे. ऑफिसात तुम्ही केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडलं हे कळतच नाही. इथं बंद पडलेलं घड्याळ तुमच्या टेबलावर टिकटिकायला लागतं, आणि ते कुणाच्या हातावर जाणार आहे त्याचा पत्ता तुम्हीच डब्यावर लिहिता.

मग करायचं काय? नोकरीत असतानाच सहा महिने करून बघा, पण माळ्यावरचा माल वगळून. प्रत्येक वस्तूपुढे खरेदी, खर्च, विक्री आणि तास असे चार रकाने. आधी अपॉइंटमेंट लेटर काढून जोडधंद्याबद्दलचं कलम वाचा. मूनलायटिंगवरून विप्रोनं २०२२ मध्ये ३०० जणांना काढलं होतं. ते प्रकरण प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करण्याचं होतं, पण तुमच्या एचआरला घड्याळांबद्दल काय वाटतं ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं असणार. सहा महिन्यांनी तासांच्या रकान्याची बेरीज करून कमाईला तिनं भागा. येणारा आकडा तुमच्या आजच्या ताशी पगाराच्या निम्मा जरी असेल, तर येत्या बुधवारी रजा टाकून जुन्या बाजारात सकाळी लवकर पोचा. रविवारपेक्षा भाव किती वेगळे लागतात ते बघा, आणि मग तोच भागाकार परत करा.