कल्याणचा बिशप कोणी नेमायचा?

यवतच्या श्रोत्यांपुढे पोपचे राजकारण काढले तर पहिला प्रश्न कोणता येणार, ते आम्हांला ठाऊक आहे. रोम कुठे आणि यवत कुठे? प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही रोमहून निघत नाही, कल्याणहून निघतो. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरल्यावर लागते, तेच कल्याण.

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचे वर्णन करताना तो ‘कल्लियाना’ या बंदराचे नाव घेतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपले कल्याणच होय. तेथून तांबे, इमारती लाकूड आणि कापड बाहेर जाई, असे तो सांगतो. जाता जाता आणखी एक गोष्ट लिहितो : तेथे ख्रिस्ती मंडळींचा एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. पण तीस वर्षे संघटनेत काढल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणताही पदाधिकारी दिसला की आम्ही विचारतो, याला नेमले कोणी आणि काढू शकतो कोण? पोपांचा पहिल्या पाचसहा शतकांनंतरचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि कल्याणच्या बिशपाचाही.

रोम सोडून इराण का? कारण राजकीय होते. रोमचे सम्राट चौथ्या शतकात ख्रिस्ती झाले. इराणचे सासानी राजे रोमचे हाडवैरी. तेव्हा आपल्या राज्यातले ख्रिस्ती म्हणजे शत्रूचे हस्तक, असा संशय त्यांना येऊ लागला आणि शापूर दुसरा याच्या काळात मोठा छळ झाला. पुढे इ. स. ४१० मध्ये यज्दगर्द पहिला या राजाच्या संमतीने इराणातील बिशपांची सभा भरली आणि त्यांच्या चर्चची घडी बसली. ४२४ च्या सभेत त्यांनी ठरवून टाकले की आमचा प्रमुख तो ‘कॅथॉलिकोस’; त्याच्याविरुद्ध पश्चिमेकडच्या धर्मपीठांकडे दाद मागायची नाही. कल्याणचे जहाज इराणच्या आखाताकडे जाई, आणि त्याच वाटेने बिशप येई.

आता कॉस्मसच्या काळातली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

रोममध्ये इ. स. ५३७ साली सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याने सिल्वेरियस या पोपला पदावरून दूर केले आणि विजिलियसला बसवले. विजिलियस सम्राटाच्या कृपेने आला खरा. पण धर्ममताच्या एका वादात सम्राटाला त्याची सही हवी होती. ५४५ मध्ये त्याला रोममधून उचलून कॉन्स्टँटिनोपलकडे रवाना केले. तेथे त्याने कधी मान तुकवली, कधी ताठ केली. एकदा तर त्याने चर्चमधल्या वेदीचा आसरा घेतला आणि शिपाई त्याला तेथून ओढू लागले. शेवटी सही झाली. परत येताना ५५५ मध्ये सिराक्यूजला तो वारला. रोम पुन्हा दिसले नाही.

इराणात इ. स. ५४० मध्ये मार आबा कॅथॉलिकोस झाला. कॉस्मसला मान असलेला हा विद्वान मूळचा जरथुष्ट्री. त्याने धर्म सोडला, हा तिथल्या पुरोहितांच्या लेखी मोठा गुन्हा. खुस्रो पहिला याने त्याला अझरबैजानात हद्दपार केले. पठ्ठ्याने तेथून पत्रे पाठवून चर्चचा कारभार चालवला. ५५२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या जागी आला जोसेफ. हा कोण? खुस्रोच्या पदरचा वैद्य!

म्हणजे एकमेकांशी लढणारे दोन राजे, एकमेकांना न मानणारी दोन धर्मपीठे, आणि दोन्हीकडे गोष्ट एकच. संरक्षण देणारा हातच नेमणुकीच्या कागदावर शिक्का मारत होता.

याची झळ खाली कशी लागते, ते शंभर वर्षांनी दिसले. हिंदुस्थानातील बिशपांना दीक्षा देण्याचे काम इराणच्या फार्स प्रांतातील रेव अर्दाशीरच्या महाबिशपाकडे होते. इ. स. ६५० च्या आगेमागे ईशोयाब तिसरा हा कॅथॉलिकोस होता, आणि फार्सचे महाबिशप त्याचा हुकूम मानीनात. त्या भांडणातले ईशोयाबचे पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात त्याची तक्रार आहे की तुमच्या हट्टामुळे हिंदुस्थानातील बिशपांची परंपरा खंडित झाली आणि तिथली माणसे धर्मगुरूवाचून राहिली. पुढे हिंदुस्थानला स्वतंत्र महाबिशप मिळाला. पण तोवर दोन कचेऱ्यांच्या वादात समुद्रापलीकडची शाखा बसली.

हे पत्र वाचले तेव्हा आमची मान खाली गेली. आमच्या एका शाखेला चौदा महिने चिटणीस नव्हता. वर दोन तट पडले होते आणि प्रत्येकाला चिटणीस आपला हवा होता. त्याच दिवसांत एका कामगाराचा हात यंत्रात गेला. भरपाईच्या दाव्याची मुदत तेव्हा दोन वर्षांची होती. पण कागद गोळा करणारे, साहेबाच्या दारात बसणारे कोणी नव्हते. अर्ज गेला तो मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दोन तटांपैकी एकात आम्ही स्वतः होतो. म्हणून रेव अर्दाशीरच्या महाबिशपाला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

असो. रोमकडे परत जाऊ. पोपांनी या पकडीतून सुटण्याची धडपड फार केली. ५९० मध्ये ग्रेगरी पहिला याला रोमच्या लोकांनी निवडले, तरी कॉन्स्टँटिनोपलच्या मंजुरीसाठी कित्येक महिने थांबावे लागले. मंजुरीसाठी पैसेही भरावे लागत. ते अगाथो या पोपच्या काळी, ६८० च्या सुमारास, माफ झाले. ७५१ मध्ये लोंबार्ड लोकांनी रॅव्हेना घेतले आणि सम्राटाचे छत्र इटलीत निकामी ठरले. तेव्हा स्टीफन दुसरा हा पोप आल्प्स ओलांडून फ्रँकांचा राजा पेपिन याच्याकडे गेला. पेपिनने लोंबार्डांना नमवले आणि ७५६ मध्ये जिंकलेला मुलूख पोपच्या हवाली केला. ८०० च्या नाताळात लिओ तिसरा याने पेपिनच्या मुलाच्या, शार्लमेनच्या, मस्तकावर सम्राटाचा मुकुट ठेवला. पाहणाऱ्याला वाटावे, आता पोपच राजा करतो! पण चोवीस वर्षांतच, ८२४ मध्ये, नियम झाला की निवडलेल्या पोपने सम्राटाच्या प्रतिनिधीसमोर शपथ घ्यावी. मालक बदलला, हजेरीपट तोच राहिला.

सम्राट दुबळे झाले तेव्हा रोमच्या सरदार घराण्यांनी ते पद खेळणे केले. ८९७ मध्ये तर फॉर्मोसस या मृत पोपचे प्रेत उकरून, खुर्चीवर बसवून त्याच्यावर खटला चालवला गेला.

सुटका झाली ती तलवारीने नव्हे, नियमाने. आणि फार सावकाश. १०५९ मध्ये निकोलस दुसरा याने पोप निवडण्याचा मुख्य अधिकार कार्डिनलांकडे दिला. एका गादीवर दोन दोन पोप निवडून येऊ लागले, तेव्हा ११७९ मध्ये दोन-तृतीयांश मतांचा नियम झाला. तरीही १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने एका उमेदवाराला मोडता घातलाच. पुढच्याच वर्षी पायस दहावा याने अशा मोडत्यावर कायमची बंदी घातली. २०२५ च्या मे महिन्यात १३३ कार्डिनलांनी लिओ चौदावा यांना निवडले, तेव्हा बाहेरच्या कोणत्याही राजाला विचारावे लागले नाही. मात्र तेथेही मत कार्डिनलांचेच. सामान्य भाविकाचे नाही.

श्रोत्यांनी हा इतिहास पोपांचा म्हणून ऐकावा आणि घरी जाताना आपला म्हणून आठवावा. आपली सोसायटी, आपली शाळा, आपले देवस्थान, आपली युनियन, कोठेही कोणी आश्रय द्यायला आला, तर त्याचे आभार मानावेत आणि त्याच बैठकीत नेमणुकीचा नियम लिहून घ्यावा. पद रिकामे पडले तर किती दिवसांत भरायचे, हेही त्यातच लिहावे. कल्याणच्या त्या मंडळींना इराणातून बिशप मिळत होता तोवर सारे ठीक चालले असेल. त्यांच्या हाती काहीच नव्हते, हे कळले ते बिशप यायचा थांबला तेव्हा.